पेंग्विनच्या हाती जॉयस्टिक

हॉस्टेलवर रात्री दहानंतर कोणाच्याही रूममध्ये जाऊन "मी लॅपटॉपवर लिनक्स टाकलं" एवढंच सांगून बघा. व्हायरसचा प्रश्न येत नाही, कर्नेलचा तर नाहीच नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पण त्याच्यावर गेम चालतात का रे?" तुम्ही उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यातल्या कॉटवरून कोणीतरी सीनियर पांघरुणातूनच ओरडतो, "नाही चालत! झोप आता!"

हे "नाही चालत" मी फर्स्ट इयरपासून ऐकत आलो. खरं सांगायचं तर दुसऱ्यांनाही तेच सांगत आलो. मग माझ्यावरच वेळ आली. माझा लॅपटॉप म्हणजे दादाचा जुना लॅपटॉप. २०१८ मध्ये घेतलेला, सातव्या पिढीचा आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे माझं मशीन एका पिढीने नापास! अपडेटसाठी वर्षभराची मुदतवाढ घेता येते, पण ती म्हणजे ए.टी.के.टी. च. मी घरी फोन केला. पप्पा म्हणाले, "चालू होतो ना तो? मग?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कापसाचा भाव काय लागला हे मला माहीत होतं, त्यामुळे नव्या लॅपटॉपचा विषय मी पुढे रेटला नाही.

लिनक्स टाकलं ते अशा अडचणीतून, हौस म्हणून नाही. पण हॉस्टेलवर राहायचं आणि गेम खेळायचा नाही हे जमणारं नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीपासून आजपर्यंत जे जे करून पाहिलं, वाचलं, बिघडवलं आणि दुरुस्त केलं, ते इथे लिहितो आहे. जे आजही चालत नाही तेही लपवणार नाही.

आधी मुळात अडचण कुठे आहे ते पाहू. बरेच जण समजतात की विंडोजचा गेम लिनक्सवर चालत नाही कारण "सिस्टीम वेगळी आहे". पण प्रोसेसर तर तोच आहे! बेरीज-वजाबाकीच्या, मेमरीत उचलून ठेवण्याच्या ज्या सूचना गेममध्ये आहेत त्या तुमच्या इंटेलला किंवा एएमडीला दोन्हीकडे सारख्याच कळतात. अडचण वेगळीच आहे, आणि ती समजायला आपल्या कॉलेजचं ऑफिस आठवा.

समजा तुम्हाला बोनाफाईड हवंय. सीनियरने सांगितलं, खिडकी क्रमांक ३ वर जा, निळा फॉर्म दे, मावशी शिक्का मारतील, तो घेऊन खिडकी ५ वर जा. तुम्ही हे पाठ केलं. आता तेच पाठांतर घेऊन तुम्ही दुसऱ्याच कॉलेजच्या ऑफिसात गेलात तर? तिथेही बोनाफाईड मिळतं, शिक्का मिळतो, सगळं मिळतं. पण तिथे खिडकी ३ नाही, निळा फॉर्म नाही. तुम्ही भिंतीसमोर उभे! विंडोजच्या गेमचं लिनक्सवर नेमकं हेच होतं. फाईल उघडायची, कीबोर्डचं बटण वाचायचं, आवाज काढायचा, पडद्यावर त्रिकोण रंगवायचे, या प्रत्येक कामासाठी गेम विंडोजच्या ठरावीक लायब्ररीतल्या ठरावीक फंक्शनला हाक मारतो. लिनक्समध्ये ही सगळी कामं होतात, पण त्या नावाचं कोणी तिथे बसलेलं नसतं.

यावर उपाय काढला वाईनने. (रेक्टर सरांनी गैरसमज करून घेऊ नये. ही नाशिकची वाईन नव्हे.) वाईन हा १९९३ पासून चाललेला मुक्त प्रकल्प आहे. त्याच्या नावाचा विस्तारच मुळी "वाईन म्हणजे एम्युलेटर नव्हे" असा आहे. एम्युलेटर म्हणजे दुसऱ्या कॉलेजची अख्खी इमारत, भिंती-जिन्यांसकट आपल्या मैदानात बांधायची. वाईन तसं करत नाही. ती फक्त भिंतीला एक खिडकी पाडते, वर "३" असा आकडा लिहिते आणि आत एक माणूस बसवते. तो निळा फॉर्म घेतो, आतल्या आत आपल्या ऑफिसच्या पद्धतीने काम करून आणतो आणि शिक्का मारून देतो. गेमला पत्ताच लागत नाही की ऑफिस वेगळं आहे.

ऐकायला सोपं वाटतं, पण विंडोजमध्ये अशा हजारो खिडक्या आहेत, आणि आतलं काम कसं चालतं हे मायक्रोसॉफ्टने उघड केलेलं नाही. बाहेर उभं राहून, फॉर्म देऊन, काय परत येतं ते बघून सगळं ओळखायचं. वाईनची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं. पंधरा वर्षं! आपल्याला चार वर्षांत डिग्री झाली नाही तर घरचे काय काय बोलतात ते आठवा.

सगळ्यात अवघड खिडकी ग्राफिक्सची. विंडोजचे बहुतेक मोठे गेम डायरेक्ट थ्रीडी वापरतात, आणि ते फक्त मायक्रोसॉफ्टच्या घरचं. वाईन पूर्वी त्याचं ओपनजीएलमध्ये रूपांतर करायची. चालायचं, पण रडतखडत. २०१६ मध्ये व्हल्कन हे नवं, सगळ्यांसाठी खुलं मानक आलं. ते ग्राफिक कार्डाच्या बरंच जवळ जाऊन बोलतं, मध्ये थर कमी. मग फिलिप रेबोले नावाच्या एका प्रोग्रॅमरला निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. तो चालेना. म्हणून त्याने डायरेक्ट थ्रीडी ११ च्या हाकांचं व्हल्कनमध्ये रूपांतर करणारा थर स्वतःच लिहायला घेतला. तो म्हणजे डीएक्सव्हीके. आज लाखो लोकांचे गेम ज्याच्यावर चालतात ती गोष्ट एका माणसाच्या "मला हा गेम खेळायचाय" या हट्टातून निघाली. आपण हट्टाने काय करतो? क्रॅक शोधतो.

या लोकांना पैसा आणि पाठबळ कुठून आलं, त्याची गोष्ट मजेदार आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमच्या जुन्या लॅबमध्ये एक असिस्टंट सर आहेत. ते स्वतः इथल्याच एका कॉलेजात शिकले, साधारण २००३ च्या सुमारास. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, नेट कॅफेत तासाचे पैसे मोजावे लागायचे, आणि लिनक्स मिळवायचा रस्ता म्हणजे पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणारी सीडी. पुढे उबंटूच्या सीड्या फुकट, टपालाने, परदेशातून घरपोच यायच्या. २०११ पर्यंत ती योजना चालू होती. सर सांगतात, पाकीट आलं की पोस्टमन सुद्धा कुतूहलाने विचारायचा. त्यांनी लॅबच्या मशीनवर रात्री क्वेक ३ खेळल्याचं कबूल केलं आहे (एचओडी मॅडमनी हा परिच्छेद सोडून द्यावा). म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वी लिनक्सवर गेम होते? होते! डूम १९९३ मध्ये आला आणि १९९४ मध्येच त्याची लिनक्स आवृत्ती निघाली. १९९७ मध्ये इड सॉफ्टवेअरने डूमचा सोर्स कोडच खुला केला, १९९९ मध्ये क्वेकचा, २००५ मध्ये क्वेक ३ चा. कॅलक्युलेटरवर नाहीतर प्रिंटरच्या पडद्यावर डूम चालवल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचं मूळ या खुल्या कोडमध्ये आहे.

त्या काळात लोकी सॉफ्टवेअर नावाची अमेरिकन कंपनी होती. १९९८ मध्ये स्थापन झालेली. विंडोजच्या नावाजलेल्या गेमचा कोड करार करून घ्यायचा, तो लिनक्ससाठी पुन्हा बांधायचा आणि खोक्यात घालून विकायचा, हा त्यांचा धंदा. सिव्हिलायझेशन, हीरोज ३, सिमसिटी ३०००, चांगले चांगले गेम त्यांनी आणले. जानेवारी २००२ मध्ये दुकान बंद! कारण सरळ आहे. लिनक्सची आवृत्ती उशिरा यायची, तोपर्यंत ज्याला खेळायचं त्याने विंडोजची घेऊन संपवलेली असायची. गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत, गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही. कोंबडी आधी की अंडं आधी? लोकी या प्रश्नात मेली. पण जाताना एक वस्तू मागे ठेवून गेली. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगाची एसडीएल ही लायब्ररी. खिडकी, आवाज, जॉयस्टिक यांचं काम कुठल्याही सिस्टीमवर सारख्या पद्धतीने करून देणारी. आजही असंख्य गेम ती वापरतात.

आता गंमत पहा. १९९५ च्या आसपास लोकांना वाटायचं की गेम खेळायचा तर डॉस, विंडोज गेमसाठी नाहीच. हा समज मोडायला मायक्रोसॉफ्टने डूम विंडोजवर आणवला. त्या कामाचं नेतृत्व करणारा मायक्रोसॉफ्टचा नोकर होता गेब न्यूवेल. त्याने पुढे नोकरी सोडून व्हॉल्व्ह कंपनी काढली. हाफ-लाईफवाली, काउंटर-स्ट्राईकवाली, स्टीमवाली. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टोअर येऊ घातलं. ते जर एकमेव दुकान झालं तर स्टीमचं काय? न्यूवेलने विंडोज ८ ला उघडपणे अनर्थ म्हटलं आणि लिनक्सकडे मोर्चा वळवला. म्हणजे ज्याने विंडोजला गेमिंगच्या मांडवात आणून बसवलं, तोच आता लिनक्सच्या वऱ्हाडात! परोपकार बिरोपकार काही नाही, धंदा वाचवायचा होता. ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉल्व्हने आकडे दिले. लेफ्ट फोर डेड २ हा गेम त्यांच्या मशीनवर विंडोजमध्ये सेकंदाला २७० फ्रेम्स, लिनक्समध्ये ३१५. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आलं.

आणि तरीही सगळं फसलं. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे लिनक्सवाले कॉम्प्युटर बाजारात आले, कोणी घेतले नाहीत. अडचण पुन्हा तीच, लोकीवाली. गेम कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी ही अपेक्षा. त्या काढत नव्हत्या, काढल्या तर नंतर सांभाळत नव्हत्या.

शहाणपण सुचलं ते यानंतर. व्हॉल्व्हने ठरवलं की गेमवाल्यांना काही करायला सांगायचंच नाही. विंडोजचा गेम जसाच्या तसा घ्यायचा आणि आपल्या बाजूने खिडक्या पाडायच्या. वाईन, डीएक्सव्हीके आणि इतर तुकडे एकत्र करून २१ ऑगस्ट २०१८ ला प्रोटॉन जाहीर झालं. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत फक्त २७ गेम. आज एका खेळाडूने एकट्याने खेळायचे बहुतेक गेम स्टीमवर "इन्स्टॉल" आणि "प्ले" अशा दोन बटणांत चालू होतात. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र याच जोरावर चाललं. त्याच्या आत आर्च लिनक्स आहे हे घेणाऱ्यातल्या कित्येकांना माहीत नसतं. ते भारतात विक्रीला आलं नाही ही रडकथा वेगळी. आपल्याला त्याचा फायदा असा झाला की त्या यंत्रासाठी केलेली प्रत्येक दुरुस्ती खुल्या कोडमधून माझ्या सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवरही आली.

इथे एक मजेदार उलटापालट झाली आहे. काही गेमची खास लिनक्ससाठी बनवलेली आवृत्ती पाच-सात वर्षांपूर्वी आली आणि कंपनीने नंतर हात लावला नाही. लायब्ररी बदलत गेल्या, ती आवृत्ती कुरकुर करू लागली. त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून व्यवस्थित चालते. मी स्वतः दोनदा "लिनक्स आवृत्ती" काढून विंडोजची टाकली आहे. खुल्या सिस्टीमच्या कट्टर लोकांना हे आवडत नाही. ते म्हणतात, यामुळे खरे लिनक्स गेम कोणी बनवणारच नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण शुद्धतेच्या नादात लोकीचं काय झालं ते आपण पाहिलंच.

आता कडू भाग. माझा रूम पार्टनर व्हॅलोरंट खेळतो. मी त्याला लिनक्स टाकायला सांगितलं नाही, आणि तुम्हीही कोणा व्हॅलोरंटवाल्याला सांगू नका. तो गेम लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाईट, रेनबो सिक्स सीज, जीटीए ऑनलाईन, यांचंही तेच. कारण ग्राफिक्स नाही, कारण आहे अँटी-चीट. ऑनलाईन गेममध्ये भिंतीपलीकडचं दिसणारे, आपोआप नेम धरणारे चोर असतात. त्यांना पकडायला काही कंपन्या आपला पहारेकरी थेट विंडोजच्या कर्नेलमध्ये बसवतात. परीक्षेच्या भरारी पथकासारखं. पण या पथकाला वर्ग तपासून समाधान नसतं, त्याला अख्ख्या कॉलेजच्या किल्ल्या हव्या असतात. विंडोजमध्ये त्या देता येतात. लिनक्समध्ये कर्नेल कोणीही बदलून स्वतःचं बनवू शकतो, म्हणजे विद्यार्थी स्वतःच किल्ल्या बनवणारा! पथक म्हणतं, अशा कॉलेजवर आमचा भरवसा नाही.

यात गेम कंपन्यांचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. चीटरमुळे गेमचा कचरा होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण इच्छा असेल तर मार्ग आहे. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी सप्टेंबर २०२१ मध्येच प्रोटॉनला आधार दिला. गेमवाल्याने फक्त परवानगी द्यायची. काहींनी दिली. काहींनी दिलेली काढून घेतली. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर छान चालायचा, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने चीटिंगचं कारण देऊन दार लावलं. लीग ऑफ लेजेंड्समध्ये मे २०२४ मध्ये व्हॅलोरंटवालाच पहारेकरी आला आणि तोही गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाईन. एका वर्षात तीन मोठे गेम! म्हणून कोणी तुम्हाला "आता सगळं चालतं" म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो नवा भक्त आहे.

पुढे हे बदलेल का? एक आशा आहे, आणि ती भलत्याच दिशेने येते आहे. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो घोळही कर्नेलमध्ये बसलेल्या पहारेकऱ्याचाच होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट स्वतःच सुरक्षा कंपन्यांना कर्नेलच्या बाहेर काम करण्याची सोय करून देण्याच्या मागे लागली आहे. उद्या विंडोजमध्येच पथकाला किल्ल्या मिळेनाशा झाल्या तर अँटी-चीटवाल्यांना दुसरी पद्धत शोधावी लागेल, आणि ती पद्धत लिनक्सवरही चालण्यासारखी असू शकते. हा माझा अंदाज. यावर पैज लावत नाही.

दुसरी ताकद म्हणजे संख्या. स्टीमच्या सर्व्हेत लिनक्सवाल्यांचं प्रमाण ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेलं. तीन टक्के म्हणजे आपल्याकडे ग्रेस मार्कांनीही पास होत नाही, मला मान्य. पण बरीच वर्षं हा आकडा एकच्या आसपास घुटमळत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने नवं स्टीम मशीनही जाहीर केलं, यावेळी प्रोटॉन पाठीशी घेऊन. मला खरी काळजी वेगळी वाटते. हे सगळं एका कंपनीच्या मर्जीवर टेकलंय. उद्या न्यूवेल नसेल, मालक बदलेल, तर? एक दिलासा आहे. प्रोटॉनचा कोड खुला आहे. कंपनी गेली तरी कोड जात नाही, हे लोकीच्या एसडीएलने दाखवलंय.

इथपर्यंत वाचून कोणाचा हात पेन ड्राईव्हकडे गेला असेल तर माझ्या चुका ऐकून मग पुढे जा. पहिल्याच रात्री मी चुकीचं पार्टिशन निवडलं आणि मिनी प्रोजेक्टचा अख्खा रिपोर्ट उडवला. चूक शंभर टक्के माझी. रात्री दोन वाजता, मेसच्या भाताच्या गुंगीत, असली कामं करायची नसतात. बॅकअप आधी घ्या. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच डिस्कबाहेर उभे राहाल. दुसरी चूक म्हणजे सीनियरच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरून थेट गेम चालवायला गेलो. ती डिस्क एनटीएफएस होती. प्रोटॉनचं एनटीएफएसशी पटत नाही, गेम उघडतच नव्हते. दोन दिवस मी लिनक्सला शिव्या घातल्या. गेम लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी-४ पार्टिशनवर टाकल्यावर तेच गेम सुरू झाले. (आणि त्या हार्ड डिस्कवरचे क्रॅक? वाईनमध्ये गेम चालतो तसा व्हायरसही चालू शकतो. शिवाय सेलमध्ये जुने गेम मेसच्या एका फीस्टपेक्षा स्वस्त मिळतात.)

हार्डवेअरचं थोडक्यात. इंटेलचं ग्राफिक्स सहाव्या पिढीपासून पुढे असेल तर व्हल्कन नीट चालतं. चौथ्या-पाचव्या पिढीत अर्धवट. एएमडी असेल तर नशीबवान आहात, ड्रायव्हर आधीच आत असतो. एनव्हीडिया म्हणजे जुनं भांडण. २०१२ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्सने भर सभेत त्या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. आता परिस्थिती पुष्कळ सुधारलीय, पण ९०० आणि १० मालिकेच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, त्यामुळे जुनं कार्ड असेल तर तपासून घ्या. नवा गेम पहिल्यांदा उघडला की अडखळतो, तेव्हा शेडर कम्पाईल होत असतात. घाबरू नका, दहा मिनिटांनी सुरळीत होतं. आणि आपल्या मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा मँगोहड नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने फ्रेम्स ४० वर बांधून ठेवा. डोळ्यांना फारसा फरक कळत नाही, पंख्याची बोंब मात्र थांबते. मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना वेगळी सूचना. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स लिनक्सवर येत नाहीत, तेव्हा ड्युअल बूटच करा. मॅटलॅब आणि व्हिवाडोची लिनक्स आवृत्ती आहे.

काय खेळायचं? काउंटर-स्ट्राईक १.६ ची लिनक्स आवृत्ती २०१३ पासूनच आहे. सीएस २ आणि डोटा २ फुकट आणि थेट लिनक्सवर. एज ऑफ एम्पायर्स २ प्रोटॉनमधून. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला राजी मी मुद्दाम करून पाहिला. आपल्या राज्यातला गेम, २०२० मध्ये आला, द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या गटात नामांकन मिळवलेला. धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. पीसीवर तो विंडोजसाठीच काढलाय, पण प्रोटॉनवर उघडतो. माझ्या लॅपटॉपवर सगळं लो करूनही धापा टाकत चालला, समोरच्या रूममधल्याच्या जीटीएक्स १६५० वर मात्र मख्खन! एवढ्या छोट्या टीमकडून वेगळ्या लिनक्स आवृत्तीची अपेक्षा कोण करणार? प्रोटॉनचा खरा उपयोग इथे कळतो. बनवणाऱ्यांना एक ओळही न बदलता त्यांचा गेम आमच्यापर्यंत पोचला.

पण माझं मन बसलंय ते झिरो ए.डी. वर. हा पूर्णपणे खुला, फुकट, एज ऑफ एम्पायर्सच्या वळणाचा गेम. अथेन्स, रोम, पर्शिया यांच्या जोडीला त्यात मौर्य आहेत, हत्तींसकट! जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या २७ व्या आवृत्तीचं नावच "अग्नी". कोड जीपीएलखाली, चित्रं आणि मॉडेल क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. सैनिक किती धान्यात तयार होतो, इमारतीची ताकद किती, हे सगळं साध्या एक्सएमएल फाईलमध्ये लिहिलेलं आहे, उघडून बदलता येतं. मूळ गेममध्ये सातवाहन नाहीत. आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण, त्यांचं प्रतिष्ठान! नाणी, लेणी, व्यापाराचे रस्ते, सगळं साहित्य आपल्या जिल्ह्याच्या आसपास पडलेलं. फायनल इयरला "हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम" चौदाव्यांदा करण्यापेक्षा एखाद्या ग्रुपने सातवाहनांचं मॉड केलं तर? वायव्हाला एक्स्टर्नल सर निदान जागे तरी राहतील. स्वतःचा छोटा गेम करायचा असेल तर गोडो इंजिन २०१४ पासून खुलं आहे. २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लावायची घोषणा केली आणि वर्षभराने मागे घेतली, त्या गोंधळात कितीतरी जण गोडोकडे वळले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन-गेमिंगसाठी धोरणही मंजूर केलंय. त्याचा पैसा मराठवाड्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. गोडो डाउनलोड करायला त्याची वाट पाहायची गरज नाही.

शेवटचं निवेदन स्टाफसाठी. जुन्या लॅबमधली वीस मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत म्हणून निर्लेखनाच्या कागदात आहेत असं ऐकतो. असिस्टंट सरांच्या परवानगीने त्यातल्या एकावर मी लिनक्स टाकून पाहिलं. चौथ्या पिढीचं मशीन, ४ जीबी रॅम. नवे गेम त्याच्या आवाक्यातले नाहीत. पण जीसीसी, पायथन, छोटे प्रयोग आणि झिरो ए.डी. ची छोटी लढाई ते आरामात ओढतं. भंगारात किलोवर जाण्याआधी ही मशीन हॉस्टेलच्या रीडिंग हॉलला देता आली तर बघावं, असा अर्ज आम्ही अठरा जणांनी सह्या करून दिला आहे. अर्ज सध्या खिडकी क्रमांक ३ वर आहे.

तोपर्यंत दर शनिवारी मेस सुटल्यावर कॉमन रूममध्ये सीएस आणि झिरो ए.डी. असतं. आठ पोर्टचा स्विच आमचा आहे, लॅन केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड ज्याचा त्याने आणायचा. विंडोजवाल्यांनाही प्रवेश आहे.